स्ट्राउडांचा मका

हॅडली कॉलेजात त्या साली आमचा चौदा जणांचा संघ होता, आणि त्यातल्या तिघांना फुटबॉल कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. आयोवात हा खेळ येऊन फार दिवस झाले नव्हते. शिकवायला कोणी मास्तर नव्हता. आमचा कप्तान रॉयल हॉस्किन. त्याचा चुलतभाऊ पूर्वेकडे शिकत होता, त्याच्याकडून सुट्टीत चार डाव शिकून आलेला. तेच तो आम्हाला कॉलेजमागच्या कुरणात शिकवायचा. आधी फावड्याने शेण उचलावं लागे. ते काम नव्या पोरांचं.

मी एसा प्रुइट. अंगाने किरकोळ, म्हणून माझ्याकडे क्वार्टरबॅकची जागा आली. वाकून चेंडू घ्यायचा, मागच्याच्या हातात द्यायचा आणि चटकन बाजूला व्हायचं, नाहीतर आपलीच माणसं तुडवून जायची. आमचा फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळायचा असे. आता पोरं चामड्याच्या टोप्या घालतात. आम्ही उन्हाळ्यापासून केस वाढवायचो, तेवढंच काय ते डोक्याला संरक्षण. विजारींना कमरेशी चामड्याच्या कड्या शिवलेल्या असत. कप्तानाने हाळी दिली की एकमेकांच्या कड्या धरायच्या, चेंडूवाल्याला मध्ये घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याला समोरच्यांच्या अंगावर लोटायचं. आमचा हुकमी डाव काय तो हाच.

आणि आमचा चेंडूवाला होता हॅल्वर ट्वेट.

हॅल्वर माझ्याच खोलीत राहायचा. उत्तरेकडच्या नॉर्वेजियन वस्तीतला, शेतकऱ्याचा मुलगा. चर्चचा पाळक व्हायचं म्हणून बायबलचं ग्रीक शिकायला आलेला. दारातून येताना त्याला वाकावं लागे आणि खुर्चीवर तो असा बसे, जणू ती उसनी आणलीय. रॉयलने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चर्चच्या सहलीत. मुलींचा पियानो गाडीवरून उतरवायला चौघं जण दोऱ्या शोधत होते. हॅल्वरने तो एकट्याने खाली ठेवला आणि वर बायकांची माफी मागितली, कारण पियानो टेकताना वाजला होता. रॉयल त्याच संध्याकाळी आमच्या खोलीवर आला.

हॅल्वर खेळायला लागला खरा, पण त्याची एक खोड होती. कोणी त्याच्या धक्क्याने पडलं की हा परत फिरायचा, हात द्यायचा आणि विचारायचा, "लागलं का रे?" रॉयल चिडायचा. इथे प्रार्थनेला आला नाहीस, चेंडू घेऊन पळायला आलायस, असं त्याला ऐकवायचा. हॅल्वर मान हलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

त्या शरद ऋतूत आम्ही जिंकतच गेलो. आधी अध्यापक विद्यालयाचा संघ हरवला, मग दक्षिणेकडून रेल्वेने आलेल्या एका मातब्बर कॉलेजला धूळ चारली. गावच्या वर्तमानपत्राने हॅल्वरला 'हॅडलीचा बैल' म्हटलं. शेतकरी बायकापोरांसकट गाड्या जोडून यायचे आणि मैदानाभोवतीच्या दोरीला लागून गाड्या उभ्या करून वरूनच सामना बघायचे. आमच्या कॉलेजचे प्रमुख, प्रेसिडेंट डॉक्टर ऑर्डवे, या खेळाला रानटी म्हणायचे. तेही एका शनिवारी छत्री घेऊन येऊन उभे राहिले आणि पुढच्या शनिवारी आधीच जागा धरून बसले. आम्ही वर्गात लंगडत जायचो आणि लंगडण्याचाही तोरा मिरवायचो. इतकं सुख मला पुढे फार थोड्या वेळा लाभलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रॅन्डन कॉलेजचा संघ आमच्याकडे आला. त्यांच्यात एक पोरगा होता, लायल स्ट्राउड. तांबड्या केसांचा, तोंडभर ठिपके, माझ्याहून जरासा उंच. हॅल्वरला अडवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्यासारख्याला ते छातीने जमणार नव्हतं, म्हणून तो सूर मारून सरळ ढोपरांना मिठी घालायचा. आणि बडबड तर अखंड.

"ए बैला, नांगर कुठे विसरलास?" तो विचारायचा. हॅल्वरला पाडलं की त्याच्या पाठीवर बसून म्हणायचा, "झोप बाबा, दमला असशील. नांगराचं मी बघतो."

हॅल्वर हसायचा. खेळता खेळता तो हसलेला मी तेव्हाच पाहिला. दोघांचं जमलं होतं म्हणा ना. वेगळ्या दिवशी भेटते तर एकत्र मासे पकडायला गेले असते.

सामना संपत आला होता. मी चेंडू हॅल्वरला दिला, आम्ही त्याला ढकललं, लायलने सूर मारला, आणि हॅल्वरचं ढोपर त्याच्या कानशिलावर बसलं. नियमाबाहेर काही घडलं नव्हतं. मी हाताच्या अंतरावर होतो. लायल जरा वेळ पडून राहिला. हॅल्वर नेहमीसारखा परत फिरला आणि हात दिला.

"लागलं का रे?"

लायल उठला, कानशील चोळत म्हणाला, "लागलं, पण तुला सांगणार नाही." मग वर बघून म्हणाला, "तुझी ढोपरं ओकच्या लाकडाची आहेत का रे?"

त्यानंतर तो दोन डाव खेळला. तिसऱ्या वेळी दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहिले तेव्हा तो आमच्या बाजूला येऊन उभा राहिला, अगदी माझ्या शेजारी, आणि वाकून तयार झाला. त्याच्याच संघातल्यांनी हाका मारल्या. त्याने आमच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. गाड्यांवरचे लोक हसायला लागले, आम्हीही हसलो. वाटलं, याची ही आणखी एक थट्टा. मग तो गवतावर बसला, दमलेलं माणूस बसतं तसा, आणि हळूच कुशीवर कलंडला.

त्याला गावच्या डॉक्टरांच्या मैदानालगतच्या घरी उचलून नेलं. थोड्याच वेळाचा खेळ उरला होता. दोन्ही कप्तान बोलले, त्याच्या जागी दुसरा आला आणि आम्ही सामना पुरा केला. आम्ही जिंकलो. रिवाजाप्रमाणे पोरांनी चॅपेलची घंटा वाजवायला घेतली. डॉक्टरांची बायको डोक्याला काही न घालता तशीच धावत आली आणि घंटा बंद करा म्हणाली.

रविवारी सकाळी लायल गेला. शुद्धीवर आलाच नाही.

त्याचे वडील, एमोस स्ट्राउड, दुपारच्या गाडीने आले. त्यांना मिळालेल्या तारेत मुलगा जखमी आहे एवढंच होतं. खरं काय ते डॉक्टर ऑर्डव्यांनी त्यांना फलाटावर सांगितलं. आम्ही सगळे गावच्या डॉक्टरांच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून उभे होतो, रविवारच्या कपड्यांत. मिस्टर स्ट्राउड आत मुलाजवळ बराच वेळ बसले. मग बाहेर येऊन एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकू लागले. हॅल्वरपाशी आले तेव्हा हॅल्वर म्हणाला, "माझं ढोपर लागलं त्याला."

मिस्टर स्ट्राउडांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी हात सोडला नाही.

"बुधवारी घरी येणार होता तो," ते म्हणाले. "मका काढायला. यंदा मका बरा आलाय."

एवढंच बोलले आणि पुढच्याचा हात धरला.

मग बैठका झाल्या. प्राध्यापकांतल्या काहींना खेळ तिथेच बंद करायचा होता. पण ब्रॅन्डनच्या प्रेसिडेंटांनीच कळवलं की यात कोणाचा दोष नाही, आमचा राग नाही. चॅपेलमध्ये प्रार्थना झाली आणि हंगाम पुढे चालू राहिला. हॅल्वर सरावाला येईना. तो टेबलाशी ग्रीकचं पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे.

रॉयल त्याला समजवायला आला. रॉयल दुष्ट मुळीच नव्हता, त्याला आपल्या परीने हॅल्वरला सावरायचं होतं.

"अरे, तू खेळायचा थांबलास म्हणून तो परत येणार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," हॅल्वर म्हणाला, आणि शनिवारी आमच्याबरोबर गाडीत चढला.

तो सामना परगावी होता. पहिल्यांदा मी चेंडू दिला तेव्हा तो पळाला. आम्ही त्याला ढकलत नेलं आणि समोरची फळी फुटलीही. मग मोकळ्यावर त्यांचा एक लहानखुरा पोरगा त्याला आडवा आला. हॅल्वर थांबला आणि उभाच राहिला. पोरगाही चक्रावला, कारण पाडायला धावून आलेल्यापुढे असं कोणी उभं राहत नाही. मग हॅल्वरने चेंडू खाली ठेवला. सगळ्या मैदानावर हसू उसळलं. दोरीपलीकडून कोणी ओरडलं, "बाळ, घरी जा, आईला विचारून ये." दुसऱ्यांदा तसंच झालं, तिसऱ्यांदाही. आम्ही सपाटून हरलो. परतीच्या गाडीत त्याच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळी तो कपडे पिशवीत भरत होता. मी विचारलं, कुठे निघालास?

"मका उभा आहे अजून," तो म्हणाला.

त्याच्या बापाच्या शेतात मका काढायला धाकटे भाऊ होते, हे मला ठाऊक होतं. तेव्हा तो कुठल्या मक्याबद्दल बोलतोय ते विचारावं लागलं नाही.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाचा मोठा सामना आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो. बघायला फारसं कोणी आलंही नव्हतं. हंगाम तिथे संपला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऑर्डव्यांनी मला बोलावलं. हॅल्वरला जाऊन सांग, म्हणाले, तुझी जागा आम्ही राखून ठेवलीय, नाताळाआधी परत ये.

स्ट्राउडांचं शेत स्टेशनापासून चालत जाण्याजोगं होतं. जमीन गोठलेली होती. मिस्टर स्ट्राउड पवनचक्कीपाशी गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खालच्या शेताकडे बोट दाखवलं, आणि मग स्वतःहूनच सांगायला लागले. हॅल्वर एका सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला होता. त्यांनी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. मका सोलायचा लोखंडी आकडा त्यांनी त्याच्या हातात दिला. तो लायलचाच होता, घरात दुसरा नव्हता. मिसेस स्ट्राउडांनी खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, हा कोण? त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या बाजूच्या खिडकीचा पडदा लावलेला होता. हॅल्वर गोठ्याच्या माळ्यावर झोपायचा. त्याचं जेवण डब्यातून बाहेर जायचं. डबा त्याच भरायच्या, पण त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकदा त्याचे फाटलेले हातमोजे सकाळी शिवून खुंटीला लावलेले सापडले. ते कोणी शिवले हे विचारायचं धाडस ना त्याला झालं, ना मिस्टर स्ट्राउडांना.

हॅल्वर ओळीतून चालत होता. एका हाताने कणीस धरायचं, दुसऱ्या हाताच्या तळव्याला बांधलेल्या आकड्याने वरचं सोलपट फाडायचं, कणीस मोडायचं आणि न बघता घोडागाडीत भिरकावायचं. गाडीच्या पलीकडच्या अंगाला उंच फळ्या लावलेल्या असतात. त्यांच्यावर कणीस आपटून आत पडतं. तो ठोका लांबवर ऐकू येतो. घोडे शहाणे होते, आपले आपण पुढे सरकायचे. मला पाहून त्याने मान हलवली आणि काम चालूच ठेवलं. त्याची बोटं सांध्यांवर उकललेली होती, चरबी चोळूनही रक्त यायचं थांबलं नव्हतं.

मी निरोप सांगितला. "मका संपू दे," तो म्हणाला.

मग मीही हात लावला. मी गावात वाढलेला. त्याच्या तीन कणसांमागे माझं एक. तो मला हसला नाही. मिस्टर स्ट्राउड शेजारची ओळ धरून चालायचे. दिवसभर तिघांत मिळून दहा वाक्यं झाली असतील. पण मला राहून राहून वाटलं, त्या दोघांना ते पुरत होतं.

मका संपायला आणखी काही दिवस लागले. शेवटची गाडी भर दुपारी कोठारापाशी आणली. आम्ही कणसं आत लोटत होतो तेव्हा मिसेस स्ट्राउड घरातून आल्या, नवऱ्याचा कोट अंगावर टाकून. बारीक बाई. लायलचे केस कुणावर गेले ते कळलं. हॅल्वरकडे न बघता त्या म्हणाल्या, "जेवायला आत या. सगळेच."

हॅल्वरने बाहेरच्या बादलीत हात धुतले, पुन्हा धुतले. टेबलावर डुकराचं मांस, बटाटे आणि सफरचंदाचं गोड पक्वान्न होतं. मिस्टर स्ट्राउडांनी प्रार्थना म्हटली. आम्ही खाल्लं. ताटं रिकामी झाल्यावर मिसेस स्ट्राउडांनी हात मांडीवर ठेवले आणि हॅल्वरकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"शेवटी काय म्हणाला तो? मला कोणी सांगितलं नाही. सगळे म्हणतात त्रास झाला नाही. मला ते नकोय. काय झालं ते सांग."

हॅल्वरने सांगितलं, हळूहळू, आणि काही न गाळता. लायल त्याला बैल म्हणायचा ते, पाठीवर बसायचा ते, ढोपर लागलं ते. तो शब्दन् शब्द तसाच सांगत होता. लायल चुकून आमच्या बाजूला येऊन उभा राहिला, इथवर आल्यावर मला वाटलं, हे तो सोडून देईल. त्याने सोडलं नाही.

"लोक हसले," तो म्हणाला. "मीही हसलो."

मिस्टर स्ट्राउड उठून चुलीपाशी गेले आणि तिच्यात लाकूड घालत राहिले. चूल आधीच पेटलेली होती.

"तू लागलं का विचारलंस तेव्हा काय म्हणाला? पुन्हा सांग."

"लागलं, पण तुला सांगणार नाही."

मिसेस स्ट्राउड हसल्या. खरंच हसल्या. "असाच होता," त्या म्हणाल्या. "लहानपणी छपरावरून पडला, हात मोडला, आणि दोन दिवस बाहीत लपवून हिंडला. विचारलं तर म्हणे, तुला कशाला सांगू?" हसता हसता त्यांनी ॲप्रन तोंडाला लावला. आम्ही खाली बघत बसलो.

डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू चांगला पोरगा आहेस. तुझ्या आईने चांगलं वाढवलंय तुला. पण आता इकडे येऊ नकोस, बाळा. तू दारात उभा राहिलास की मला वाटतं, हा आहे, आणि माझा नाही."

"हो, मिसेस स्ट्राउड," हॅल्वर म्हणाला.

मिस्टर स्ट्राउडांनी आम्हाला गाडीतून स्टेशनावर सोडलं. उतरल्यावर ते हॅल्वरला म्हणाले, "पुढल्या साली..." आणि थांबले. मग "बरं" म्हणून त्यांनी घोडे वळवले.

जंक्शनला आमची गाडी बदलायची होती. हॅडलीची गाडी एका फलाटावर लागलेली, पश्चिमेकडे जाणारी दुसऱ्यावर. हॅल्वरने पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, प्रेसिडेंटांना माझे आभार सांग, माझी पुस्तकं वडिलांकडे पाठव.

"पाळक व्हायचं होतं ना तुला?" मी म्हटलं. "घरचे काय म्हणतील?"

"पाळकाला मयताच्या घरी जावं लागतं, एसा. मी तिथे काय बोलणार?"

तू आत्ताच बोललास की, असं मला म्हणायचं होतं. पण गार्डाने शिट्टी दिली, हॅल्वरने माझा हात दाबला आणि तो गेला. त्याच्या बोटांची सालं माझ्या तळव्याला टोचली.

पुढच्या साली हॅडलीत पुन्हा संघ उभा राहिला. मी नाव दिलं नाही. नोव्हेंबरात मका काढायची वेळ आली तेव्हा मला चैन पडेना, म्हणून चार दिवसांची रजा काढून स्ट्राउडांकडे गेलो. मिसेस स्ट्राउड व्हरांड्यातच होत्या. माझ्या मागे रस्त्यावर त्यांनी बघितलं.

"एकटाच आलास?"

मी हो म्हटलं.

"मी येऊ नकोस म्हटलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "माणूस एखाद्या दिवशी काहीही म्हणतं. तेवढं का मनावर घ्यायचं?" मग म्हणाल्या, "त्याला कळव, ये म्हणावं."

मी हॅल्वरच्या वडिलांना लिहिलं. त्यांच्या पाळकाने उत्तर धाडलं. हॅल्वरने हिवाळा डाकोटातल्या एका शेतावर काढला होता आणि वसंतात पार पश्चिमेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात लाकूडतोडीला गेला होता. ईस्टरपासून खबर नव्हती. पुढेही कधी आली नाही. लाकूडतोडीच्या छावण्यांत माणूस पडत्या झाडाखाली सापडतो आणि त्याचं नाव कोणी विचारत नाही. किंवा मग तो कुठे सुखाने संसारही करत असेल. मला माहीत नाही.

मी त्यानंतर बरीच वर्षं मक्याच्या दिवसांत तिकडे जात राहिलो. माझं लग्न झालं, बियाण्यांचं दुकान निघालं, तरी जायचो. सोलण्यात मला शेवटपर्यंत गती आली नाही. दर साली मिसेस स्ट्राउड विचारायच्या, काही कळलं का त्याचं, आणि मी नाही म्हणायचो. मिस्टर स्ट्राउड ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घोडे जुंपायला निघून जायचे.

शेवटच्या खेपेला मिसेस स्ट्राउडांनी विचारलं नाही. त्या आजारी होत्या आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन बसल्या होत्या. बाहेर आम्ही गाडी रिती करत होतो. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा म्हणाल्या, "दोघं आता तिशीपार असते, नाही का रे?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, जा, उजेड आहे तोवर उरकून घ्या.